गुरुत्वमापनातून ज्वालामुखी आणि भूकंपाचा अंदाज: सर्वेक्षणाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांचे आणि हौशी अभ्यासकांचे बरेच आलेख माझ्याकडे तपासायला आले. मे महिन्यात एका जागी गुरुत्व मोजलेलं असतं, ऑक्टोबरमध्ये त्याच जागी पुन्हा मोजलेलं असतं, चाळीसेक मायक्रोगॅलचा फरक आलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं: ‘जमिनीखाली हालचाल, भूकंपाची शक्यता’. रीडिंग खोटं नसतं, फरकही खरा असतो. पण तो बहुतेक वेळा मुरलेल्या पावसाचा असतो, काळ्या जमिनीच्या फुगण्याचा असतो, किंवा तिपाई दोन बोटं उंच लागल्याचा असतो. कामाचा क्रम चुकल्यामुळे हे घडतं. म्हणून क्रमच सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीला चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पृथ्वीचं गुरुत्व सुमारे ९८० गॅल असतं (१ गॅल म्हणजे वेगात दर सेकंदाला, सेकंदाला १ सेंटिमीटर इतकी वाढ). एक मायक्रोगॅल म्हणजे गॅलचा दहा लाखावा भाग, म्हणजेच एकूण गुरुत्वाचा साधारण एक अब्जांश.

- उपकरण किंवा जमीन १ सेंटिमीटर वर गेली की गुरुत्व सुमारे ३ मायक्रोगॅलने घटतं.
- ठाण्याखाली (ठाणं म्हणजे मोजणीची ठरलेली, खूण केलेली जागा) १०० मिलिमीटर पाण्याचा थर वाढला की ते सुमारे ४ मायक्रोगॅलने वाढतं.
- चंद्रसूर्याच्या ओढीने एका दिवसात २०० ते ३०० मायक्रोगॅलपर्यंत चढउतार होतो.
- हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की सुमारे ०.३ मायक्रोगॅल घट दिसते.

पुढच्या बहुतेक दुरुस्त्या यांतल्याच एखाद्या आकड्यावरून निघतात.

टप्पा १: काय शोधायचं आहे ते आधी ठरवा

ज्वालामुखीखाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, चढतो, वायू साठतो, पोकळ्या उघडतात. असे बदल ठाण्यावर दहापासून काही शे मायक्रोगॅलपर्यंत दिसू शकतात. हातात नेता येणाऱ्या उपकरणाला ते पकडता येतात.

भूकंपाचं गणित फार वेगळं आहे. सप्टेंबर २००३ मध्ये जपानच्या होक्काइदो बेटाजवळ तोकाची-ओकी इथे ८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यामुळे गुरुत्वात पडलेली कायमची पायरी जपानमधल्या अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) गुरुत्वमापींनी नोंदवली आणि ती एका मायक्रोगॅलहूनही लहान होती. ठाणी केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर होती हे खरं, पण उपकरणंही जगातली सर्वांत संवेदनशील होती. कोयना-वारणा पट्ट्यात चार तीव्रतेचा धक्का बसतो तेव्हा जमीन फार तर मिलिमीटरभर हलते. तो बदल तिपाईवरच्या उपकरणाला दिसणारच नाही.

*इथे होणाऱ्या दोन चुका.* पहिली म्हणजे स्थिर नकाशाला बदल समजणं. कोयना परिसरात गुरुत्वाची कमतरता दाखवणारे बूगे नकाशे (उंचीचा आणि मधल्या खडकाचा परिणाम काढून बनवलेले) अनेकांनी पाहिले असतील. खडकांच्या रचनेमुळे तिथे गुरुत्व कमी आहे, आणि कालही तेवढंच कमी होतं. अंदाजासाठी एकाच जागेची दोन वेळची मोजणी लागते.

दुसरी चूक उपग्रहाची. ग्रेस उपग्रह २०१७ पर्यंत गुरुत्वातला बदल मोजत होते, २०१८ पासून ते काम ग्रेस-फॉलोऑन करतात, पण त्यांना तीन-चारशे किलोमीटरपेक्षा बारीक तपशील दिसत नाही. २००४ चा सुमात्रा-अंदमान भूकंप किंवा २०११ चा जपानचा तोहोकू भूकंप त्यांना दिसला, कारण त्या भूकंपांत शेकडो किलोमीटर लांबीचा समुद्रतळ सरकला होता. ग्रेसच्या नकाशात महाराष्ट्रावर दर वर्षी जो फुगवटा दिसतो तो मान्सूनच्या पाण्याचा आहे. त्यात कोयनेची भ्रंशरेषा शोधू नका.

आणि एक गैरसमज: दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, कधीचाच थंड झालेला. गणेशपुरी किंवा उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यांवरून खाली मॅग्मा असल्याचं अनुमान काढू नका. खोल जाऊन तापलेलं पाणी फटींतून वर येतं, एवढाच त्याचा अर्थ. भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. म्हणून पुढची ज्वालामुखीची उदाहरणं इटली आणि हवाईची आहेत, आणि जमीन-पाण्याची उदाहरणं आपल्याकडची.

टप्पा २: ठाणी निवडणं

माझ्या मते निम्मं सर्वेक्षण इथेच यशस्वी होतं किंवा वाया जातं.

१. ठाणं उघड्या कातळावर घ्या. कातळ नसेल तर खडक लागेपर्यंत खणून काँक्रीटचा ओटा बांधा, मध्ये पितळी किंवा स्टीलची खूण पक्की बसवा. काळ्या जमिनीत नुसती खुंटी ठोकू नका. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि खुंटीला दर वर्षी सेंटिमीटरांत वर-खाली करते.

२. ओट्यावर तिपाईच्या तीन पायांसाठी तीन खळगे करा आणि उत्तर दिशेची रेघ कोरा. उपकरण दर वेळी त्याच खळग्यांत, त्याच दिशेला तोंड करून बसलं पाहिजे.

३. मोठी झाडं, पाण्याची टाकी आणि नवं बांधकाम होऊ शकेल अशी जागा टाळा. ठाण्याशेजारी पुढे विहीर खणली किंवा इमारत उभी राहिली, तर तेवढ्यानेही काही मायक्रोगॅलचा फरक पडतो.

४. हालचालीच्या क्षेत्राबाहेर किमान दोन संदर्भ ठाणी ठेवा, एकमेकांपासून लांब. एकच संदर्भ असेल आणि तोच हलला, तर बाकी सगळी ठाणी उलट्या दिशेने हलल्यासारखी दिसतील. दोन असतील तर त्यांच्यातला आपापसातला फरक तुम्हाला वेळीच सावध करतो. शक्य असेल तर एका संदर्भावर निरपेक्ष गुरुत्वमापीने मोजणी करून घ्या. एफजी-५ हे उपकरण निर्वातात पडणाऱ्या परावर्तकाच्या गतीवरून गुरुत्व काढतं आणि दोनेक मायक्रोगॅलपर्यंत अचूक असतं.

५. प्रत्येक ठाण्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, खुणेचं जवळून छायाचित्र घ्या आणि खुणेपासून आजूबाजूच्या ठळक वस्तूंची अंतरं टेपने मोजून लिहा.

पाचवा मुद्दा मी चूक करून शिकलो. पहिल्या सर्वेक्षणात एका गावातल्या देवळाचा दगडी ओटा सोयीचा वाटला, तिथे खूण केली. पुढच्या वर्षी मोजलं तर आठ मायक्रोगॅलची घट. आम्ही दोन दिवस त्या घटीवर चर्चा करत बसलो. शेवटी जुना फोटो काढून पाहिला तेव्हा लक्षात आलं की ओट्यावर नवी फरशी बसली होती, खालच्या सिमेंटसकट अडीच सेंटिमीटर जाड. अडीच गुणिले तीन, साडेसात. सगळा बदल फरशीचा होता. आमची खूण फरशीखाली गेली होती आणि गावातल्या मुलांनी आपुलकीने नवीन खूण काढून ठेवली होती, जवळपास त्याच जागी.

*तपासणी:* ठाण्याची वही अनोळखी माणसाच्या हातात द्या आणि त्याला खूण शोधायला सांगा. दहा मिनिटांत सापडली नाही तर वर्णन अपुरं आहे.

टप्पा ३: उपकरणाची तयारी

सिन्ट्रेक्स सीजी-५ किंवा सीजी-६ ही क्वार्ट्झ स्प्रिंगची उपकरणं आता सर्वत्र दिसतात. जुन्या संस्थांत धातूच्या स्प्रिंगचे लाकोस्ट-रोम्बर्ग अजून उत्तम चालतात. कुठलंही असो, पुढच्या गोष्टी मोहिमेच्या आधीच्या आठवड्यात करायच्या.

१. उपकरण किमान दोन दिवस अखंड विजेवर ठेवा. आतलं तापमान स्थिर झाल्याशिवाय स्प्रिंग स्थिर होत नाही. प्रवासात बॅटरी संपू देऊ नका. संपलीच तर त्या दिवसाची मोजणी सोडून द्या.

२. लेव्हलचे सेन्सर तपासून घ्या. उपकरण थोडं कलतं केलं की रीडिंग नेहमी कमीच आलं पाहिजे, मग कल कुठल्याही बाजूचा असो. एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त येत असेल तर लेव्हलचा शून्य सरकलेला आहे.

३. मापनगुणक (उपकरणाच्या रीडिंगवरून गुरुत्व काढण्याचा गुणक) तपासा. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढलात तर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची वाढते आणि गुरुत्व शंभर मिलिगॅलहून (एक मिलिगॅल म्हणजे हजार मायक्रोगॅल) जास्त उतरतं. गुणकात दहा हजारात एक इतकी चूक असली, तरी एवढ्या फरकावर दहा मायक्रोगॅलचा घोळ होतो. दोन मोहिमांत दोन वेगळी उपकरणं वापरलीत आणि गुणक जुळवले नाहीत, तर डोंगरावरची सगळी ठाणी एकसाथ ‘बदललेली’ दिसतील. वर्षातून एकदा तरी अशा मोठ्या फरकाच्या दोन जागांवर उपकरण नेऊन गुणक काढा.

४. घड्याळ आणि स्थान. ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. भरतीची, म्हणजे चंद्रसूर्याच्या ओढीची, दुरुस्ती उपकरण स्वतः करतं, त्यासाठी त्याला अक्षांश, रेखांश आणि जागतिक वेळेशी असलेला फरक लागतो. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. हा फरक अधिक चिन्हाने टाकायचा की उणे, हे उपकरणागणिक वेगळं असतं. चिन्ह उलटं पडलं की वेळ अकरा तासांनी चुकते. आता घन पृथ्वीच्या भरतीचा मुख्य फेरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा असतो. अकरा तास त्याच्या इतके जवळ आहेत की चुकलेला वक्रही पहिल्या नजरेला बरोबर वाटतो, शिखर जवळपास जागच्या जागी असतं. दुरुस्ती मात्र पन्नासेक मायक्रोगॅलने चुकलेली असू शकते.

*तपासणी:* निघण्याआधी उपकरण पक्क्या फरशीच्या तळघरात किंवा तळमजल्यावर २४ तास एकाच जागी चालू ठेवा. भरती वजा केल्यावर उरलेला आलेख जवळपास सरळ, किंचित तिरकी रेघ असला पाहिजे. ती तिरकी रेघ म्हणजे स्प्रिंगचा ड्रिफ्ट, वेळेबरोबर रीडिंगचं हळूहळू सरकणं. रेघेत दिवसातून दोनदा लाट दिसत असेल तर घड्याळ, चिन्ह किंवा रेखांश यांपैकी काहीतरी चुकलं आहे. ते सापडेपर्यंत गाडीत सामान चढवू नका.

टप्पा ४: मोहिमेची वेळ

दोन मोहिमांची तुलना करायची तर दोन्ही एकाच ऋतूत करा. आपल्याकडे मेचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला: भूजल तळाला असतं, माती सुकलेली असते, पूर्वमोसमी वळीव सोडला तर पाऊस नसतो. पावसाळ्यात कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या लाटांमुळे जमीन सतत बारीक थरथरत असते आणि रीडिंगचा पसारा वाढतो. तेव्हा मोजणी नाइलाज असेल तरच.

कोयनेसारख्या जलाशयाशेजारी ऋतूबरोबर पाण्याची पातळीही जुळवावी लागते. शिवसागर जलाशयाची पातळी वर्षभरात कित्येक मीटर चढते-उतरते. ठाणं पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि काठाला असेल, तर पाणी वाढल्यावर गुरुत्व वाढतं. ठाणं धरणाच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर वरचं पाणी वर ओढतं आणि गुरुत्व घटतं. दोन ठाण्यांचे बदल उलट सुलट दिसले की भ्रंश हलला असं म्हणण्याआधी हे तपासा. काठापासून काही किलोमीटर दूर, पाण्याच्या साधारण त्याच उंचीवर असलेल्या ठाण्याला जलाशय आडवा ओढतो आणि उभ्या दिशेचा परिणाम फार कमी होतो. निवडीला वाव असेल तर अशीच ठाणी घ्या.

टप्पा ५: मोजणीचा दिवस

१. सकाळी संदर्भ ठाण्यावर सुरुवात करा, दोन-तीन ठाणी करून संदर्भावर परत या. हा एक लूप. तो तीन-चार तासांच्या आत बंद झाला पाहिजे. महत्त्वाच्या ठाण्यावर त्याच दिवशी दुसऱ्यांदा जा.

२. गाडीत उपकरण उभंच ठेवा, मांडीवर किंवा जाड फोमच्या पेटीत. आडवं पडलेलं उपकरण पुढचा बराच वेळ खोटं रीडिंग देत राहतं.

३. ठाण्यावर पोचल्यावर उपकरण बसवा, सावली करा आणि थांबा. घाटातून आल्यावर पहिली काही मिनिटं स्प्रिंग सैलावत असते. एक नमुना देतो, एक-एक मिनिटाची रीडिंग मिलिगॅलमध्ये: ३११२.४१८, ३११२.४१३, ३११२.४१०, ३११२.४०८, ३११२.४०८, ३११२.४०९, ३११२.४०८. पहिली तीन एकाच दिशेने उतरत आहेत, ती सोडून द्यायची. शेवटची चार एका जागी वर-खाली होत आहेत, ती घ्यायची. सातांची सरासरी घेतली तर दोन-तीन मायक्रोगॅल फुकट जातात, आणि आपण शोधतोय तो बदलच दहा-पंधराचा असतो.

४. उपकरणाची खुणेपासूनची उंची मिलिमीटरपर्यंत मोजा, दोघांनी वेगवेगळी मोजा. तिपाईचा एक पाय ठरावीक उंचीवर कायमचा अडकवून ठेवलात तर हा त्रास निम्मा होतो.

५. जवळून एसटी किंवा डंपर गेला की ते रीडिंग बाद समजा. वेळ, हवामान, वारा, जवळच्या विहिरीची पातळी, सगळं जागच्या जागी वहीत लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीवर मी विश्वास ठेवत नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

*थांबा:* लूप बंद झाल्यावर भरती आणि ड्रिफ्ट काढून उरलेली चूक दहा मायक्रोगॅलच्या वर असेल तर लूप पुन्हा करा, त्याच दिवशी. घरी जाऊन संगणकावर ‘जुळवून’ घेता येत नाही.

टप्पा ६: उंचीची मोजणी

गुरुत्वाबरोबर उंची मोजली नसेल तर दुसऱ्या मोहिमेला अर्थ राहत नाही. प्रत्येक ठाण्यावर द्विवारंवारिता जीएनएसएस रिसीव्हर (उपग्रहांच्या दोन वारंवारितांवरून अचूक स्थान काढणारं उपकरण) किमान काही तास, शक्यतो पूर्ण दिवस ठेवा. मोबाइलमधला जीपीएस इथे अजिबात उपयोगाचा नाही, आरटीके नावाची झटपट उपग्रही मोजणीही बहुतेक वेळा पुरत नाही. उभ्या दिशेत एका सेंटिमीटरची अनिश्चितता म्हणजे तीन मायक्रोगॅल. लहान क्षेत्रात अचूक तलमापन (लेव्हलिंग) अजूनही सर्वांत भरवशाचं.

उपग्रही रडारच्या प्रतिमांवरून जमिनीची हालचाल काढणार असाल तर लक्षात ठेवा, त्यात मिळणारी हालचाल उपग्रहाच्या नजरेच्या तिरक्या रेषेतली असते. ती थेट उंची म्हणून वापरू नका.

टप्पा ७: दुरुस्त्या, ह्याच क्रमाने

१. मापनगुणक लावा.
२. उपकरणाची उंची खुणेवर आणा.
३. घन पृथ्वीची भरती काढा. उपकरणाने ती आधीच काढली आहे का ते पाहा. उपकरणात एकदा आणि सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा एकदा अशी दुहेरी दुरुस्ती मी डझनभर तरी पाहिली आहे.
४. किनाऱ्याजवळ असाल तर समुद्राच्या भरतीच्या वजनाचा परिणामही काढा, तो काही मायक्रोगॅल असू शकतो.
५. हवेचा दाब.
६. ड्रिफ्ट, सगळ्यात शेवटी. आधी ड्रिफ्ट बसवलात तर उरलेली भरती त्यात मिसळून जाते आणि नंतर वेगळी करता येत नाही.
७. संदर्भ ठाण्यापासूनचा फरक काढा. दोन मोहिमांत तुलना करायची ती या फरकांची.

मग दुसरी पायरी: दोन मोहिमांच्या फरकातून उंचीचा आणि पाण्याचा वाटा काढणं. उंचीसाठी सैद्धांतिक मूल्य दर मीटरला ३०८.६ मायक्रोगॅल, पण डोंगरमाथ्यावर आणि दरीच्या कडेला खरं मूल्य बरंच वेगळं निघतं. ठाण्यावरच तिपाई खाली आणि मग मीटरभर वर ठेवून ते प्रत्यक्ष मोजा. पाण्यासाठी दर मीटर पाण्याला ४१.९ मायक्रोगॅल, गुणिले खडकातल्या पोकळीचं प्रमाण.

एक उदाहरण हाताने करून पाहू. समजा, मे ते मे गुरुत्व ३० मायक्रोगॅलने घटलं. जमीन ४ सेंटिमीटर उचलली गेली, म्हणजे १२.३ ची घट उंचीमुळे. उरले १७.७. शेजारची विहीर दीड मीटर उतरली, पोकळी पाच टक्के धरली तर ३.१ पाण्यामुळे. उरले १४.६ मायक्रोगॅल.

इथेच पुष्कळ जण लेखणी उचलून निष्कर्ष लिहितात. आता चुकांचा हिशेब करा. प्रत्येक मोहिमेची अनिश्चितता ७, उंचीची ६, पाण्याची २. वर्गांची बेरीज १३८, वर्गमूळ १२ च्या आसपास. म्हणजे उत्तर आहे १४.६, अधिक-उणे १२. निदान दुप्पट अनिश्चितता ओलांडेपर्यंत, इथे चोवीसच्या पुढे जाईपर्यंत, बदल झाला असं म्हणू नका. या ठाण्याबद्दल अहवालात ‘बदल सिद्ध होत नाही’ एवढंच लिहायचं.

टप्पा ८: ज्वालामुखीवर अर्थ लावणं

उंची आणि पाणी काढून जे उरतं ते वस्तुमान. वाढ उरली तर खाली काहीतरी आलं, घट उरली तर गेलं किंवा पोकळी झाली. जमीन फुगली आणि काहीच उरलं नाही, तर नव्या वस्तुमानाशिवाय फुगली, बहुधा दाबाने किंवा वायूने. आलं ते मॅग्मा की पाणी, हे घनतेवरून ठरवायचं, आणि घनतेसाठी जमीन किती आकारमानाने फुगली हे माहीत असावं लागतं.

इटलीतल्या नेपल्सजवळ कांपी फ्लेग्रेई इथे १९८२ ते १९८४ मध्ये पोत्सुओली गाव सुमारे १.८ मीटर वर उचललं गेलं. हजारो लोकांना घरं सोडावी लागली. गुरुत्व घटलं, पण नुसत्या उंचीने जितकं घटायला हवं होतं त्यापेक्षा कमी. म्हणजे खाली वस्तुमान आलं होतं. ते मॅग्माचं होतं की गरम पाण्याचं, यावर अजून एकमत नाही. आणि उद्रेक झाला नाही. मोजणी नीट होती, अर्थ बराच नीट लावला होता, तरी ‘उद्रेक होईल का’ याचं उत्तर त्यात नव्हतं.

हवाईच्या किलाउएआवर उलट गोष्ट दिसली. १९७५ च्या मोठ्या भूकंपानंतर शिखराची जमीन खचत होती, म्हणून वरून पाहता मॅग्मा कमी होतोय असं वाटावं. गुरुत्व मात्र वाढत गेलं. खालच्या पोकळ्या भरत होत्या, जमीन न उचलता. २००८ च्या मार्चमध्ये हालेमाऊमाऊ विवरात नवं तोंड उघडलं. नुसती उंची मोजणाऱ्याला हे भरणं दिसलंच नसतं, आणि गुरुत्वमापनाची खरी किंमत इथे कळते. त्याच ज्वालामुखीवर मार्च २०११ मध्ये लाव्हाचं तळं उतरताना सलग चालणाऱ्या गुरुत्वमापीने जो बदल टिपला, त्यावरून तळ्यातल्या लाव्हाची घनता दर घनमीटरला सुमारे ९५० किलो निघाली. वायूच्या बुडबुड्यांनी ती पाण्यापेक्षाही हलकी झाली होती. म्हणून घनता कमी आली की लगेच ‘हे पाणी आहे’ म्हणू नका.

सिसिलीतल्या एटनावर ऑक्टोबर २००२ च्या उद्रेकाच्या तोंडावर ईशान्य उतारावरच्या सलग चालणाऱ्या ठाण्याने काही तासांच्या आत सुमारे ४०० मायक्रोगॅलची घट नोंदवली. जमिनीत फटी उघडत होत्या. वर्षातून एकदा मोजणाऱ्याला ही घट सापडली नसती. वर्षागणिक मोहिमा दीर्घकाळचं साठणं दाखवतात, शेवटच्या तासांसाठी सलग उपकरण लागतं. कुठली पद्धत कशासाठी, हे आधी ठरवा आणि एकीच्या निकालाची अपेक्षा दुसरीकडून करू नका.

*तपासणी:* गुरुत्वाचा बदल दिसला की भूकंपमापी, कलमापी आणि सल्फर डायऑक्साइडच्या नोंदी शेजारी मांडा. यांपैकी एकही त्याच काळात हललं नसेल तर आधी आपल्या ठाण्यावर परत जा आणि फरशी तपासा.

टप्पा ९: भूकंपाबद्दल काय म्हणता येईल

चीनमध्ये १९७० च्या दशकातल्या मोठ्या भूकंपांपासून गुरुत्वाची फिरती जाळी नियमित मोजली जातात. मोठ्या भूकंपांआधी बदल दिसल्याचे दावे आहेत, आणि त्यांवर गंभीर आक्षेपही आहेत, मुख्यतः भूजलाचे आणि मापनगुणकाचे. तेच दोन, ज्यांबद्दल वर इतकं लिहिलं.

तोहोकू भूकंपाच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. भ्रंश सरकू लागताच गुरुत्वाचा सूक्ष्म बदल प्रकाशवेगाने पसरतो आणि पहिल्या कंपनलहरीच्या आधी पोचतो. मोठ्या भूकंपाची तीव्रता लवकर कळायला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण तेव्हा भूकंप सुरू झालेला असतो. याला पूर्वअंदाज म्हणणं चूक आहे.

कोयनेत डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपाची आठवण घराघरांत आहे. त्या भागात ‘गुरुत्व बदललं’ हे दोन शब्द मोबाइलवरून गेले तर लोक रात्री अंगणात झोपतात, म्हातारी माणसं थंडीत बाहेर बसतात. त्या पट्ट्यात मोजणी जरूर करा. जलाशयाच्या पाण्याचा आणि भूजलाचा हिशेब लावायला ती मोलाची आहे. तिच्यावरून तारीख किंवा तीव्रता मात्र कधीही सांगू नका, खाजगीतही नाही.

टप्पा १०: अहवालातलं वाक्य

अहवालात पुढच्या गोष्टी याच क्रमाने याव्यात: ठाणं, दोन मोहिमांच्या तारखा, मोजलेला फरक, उंचीचा वाटा, पाण्याचा वाटा, उरलेला फरक अनिश्चिततेसह, आणि त्याला सुसंगत असलेली सगळी कारणं, फक्त आवडतं कारण नव्हे. ज्वालामुखीवर काम करत असाल तर हा अहवाल तिथल्या वेधशाळेकडे जातो. धोक्याची पातळी त्या लोकांनी ठरवायची असते, कारण त्यांच्यासमोर बाकीच्या उपकरणांच्या नोंदीही असतात.

मूळ रीडिंग, वहीची पानं आणि ठाण्यांचे फोटो अहवालाला जोडा. दहा वर्षांनी दुसरं कुणीतरी त्याच खुणेवर तिपाई ठेवेल, तेव्हा त्याला तुमच्या निष्कर्षापेक्षा उपकरणाची उंची मिलिमीटरमध्ये लागणार आहे.